झुंबरआबांचा गज

अंथुर्ण्याच्या शिवारात, कालव्याच्या खालच्या अंगाला झुंबरआबांची वस्ती होती. मातीच्या भिंतींचं बैठं घर, पुढं सारवलेलं अंगण, मागं गोठा आणि गोठ्यापलीकडं ऊस, वांगी, भुईमूग. ही गोष्ट एकोणीसशे चौतीस-पस्तीस सालच्या आसपासची. कालव्याच्या पाण्यानं शिवार हिरवं झालं, ऊस आला, आणि उसाच्या मागोमाग ओढ्यातल्या काटवनातून रानडुकरं आली. एका रात्रीत डुकरं भुईमुगाचा वाफाच्या वाफा उकरून टाकायची. म्हणून पिकाच्या राखणीसाठी सरकारनं झुंबरआबांना एका ठासणीच्या बंदुकीचा परवाना दिला होता.

ठासणीची बंदूक म्हणजे पुढून, नळीच्या तोंडातून भरायची. आधी बंदुकीची दारू, तिच्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि हे सगळं लोखंडी गजानं ठासायचं. मागं घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो आणि बार उडतो. अशी बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे नुसतं बाहेरून बघून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. नळीत डोकावून कळत नाही, आणि कळत असतं तरी डोकावू नये.

त्याला उपाय एकच. गज टाकून बघायचं.

झुंबरआबा पहाटे राखणीवरून परत आले की गोठ्यामागच्या उंच बांधाकडं तोंड करून उभे राहत. रात्री भरलेला बार उडाला नसेल, तर तो त्या बांधाच्या मातीत उडवून टाकत. मग घोडा अर्धा उचलून खाली टोपी राहिली नाही ना, ते बोटानं चाचपत. मग नळीचं तोंड आपल्या अंगापासून लांब धरून गज आत सोडत. नळी रिकामी असली की गज थेट तळाच्या लोखंडावर जाऊन ‘टण्ण’ वाजे, आणि गजावर कानशीनं पाडलेली खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येई. भरलेली असली तर गज बोळ्यावर ‘थप्’ बसतो आणि खाच चार बोटं वर राहते. टण्ण ऐकायचं, खाच बघायची, आणि मग बंदूक घरातल्या खुंटीवर टांगायची. पाऊस असो, थंडी असो, अंगात ताप असो, यात कधी खंड पडला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर गावानं त्यांना नावं ठेवली नसती. पण बंदूक खाली ठेवून आबा तांब्याभर पाणी प्यायले, तरी परत उचलताना गज टाकत. परवान्यासाठी दरसाल बंदूक इंदापूरला कचेरीत दाखवावी लागे. तिथल्या शिपायानं त्यांच्यादेखत गज टाकून, खाच बघून बंदूक त्यांच्या हातात दिली, तर आबांनी तिथंच व्हरांड्याच्या कडेला जाऊन पुन्हा गज टाकला. शिपाई चिडला.

“का हो, माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर हाय साहेब,” आबा म्हणाले. “हिच्यावर न्हाय.”

शेजारच्या मळ्यातले हिंदुराव, त्यांच्याकडंही अशीच एक बंदूक होती, ते गावभर सांगत सुटायचे, “झुंबरआबांनी बैल गाडीला जुपले का न्हाय, ते बी गज टाकून बघितल्याबिगर गाडी हाकीत न्हाईत.” पारावर हशा व्हायचा. आबाही हसायचे. हसून झालं की म्हणायचे, “बैल दिसत्यात, हिंदुराव. दारू दिसत न्हाय.”

त्यांच्या या धास्तीला मूळ होतं, पण ते आबा फार कुणाला सांगत नसत. ते लहान असताना आजोळी, कऱ्हाटीला, एका लग्नघरी मामाची बंदूक कोपऱ्यात उभी होती. एका पाहुण्यानं ती उचलली. मामा म्हणाला, रिकामीच हाय, बघा की. पाहुण्यानं बघितली, घोडा चढवला, चाप ओढला. बार आबांच्या आईच्या कानाजवळून गेला आणि मागच्या कणगीत घुसला. घरात पन्नासेक माणसं होती. आणि त्या गप्प घरात कणगीच्या भोकातून ज्वारीची बारीक धार खाली पडत राहिली, सुळसुळ, सुळसुळ. ती धार बंद करायला कुणी पुढं झालं नाही. आईनं तेवढा कानाला हात लावून बघितला. मामा मात्र संध्याकाळपर्यंत एकच वाक्य बोलत होता, “रिकामीच व्हती ओ.”

फुलाबाईंना, म्हणजे आबांच्या बायकोला, हे ठाऊक होतं. म्हणून त्या गजाची चेष्टा करायच्या, पण कधी आडव्या आल्या नाहीत. त्या साली मात्र आडवं यायची वेळ आली.

त्यांचा मुलगा भिमा आणि सून रतन. रतनचं पहिलं मूल जन्मून आठवडाभरात गेलं होतं. पोरगी वर्षभर मुकी झाल्यासारखी वावरली. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. फुलाबाईंनी देवीला नवस बोलला, की सून सुखरूप बाळंत होऊ दे, या घरात मी घट बसवीन. आजवर या घरात घट नव्हता. फुलाबाईंच्या माहेरी, शेळगावला होता, आणि तिथली रीत अशी की घरातलं हत्यार पहिल्या माळेलाच देवीपाशी बसवायचं. ते एकदा बसलं की दसऱ्यापर्यंत जागचं हलवायचं नाही. हललं तर घट मोडला असं धरायचं. माहेरी जुनी तलवार होती. इथं हत्यार म्हणावं असं एकच होतं.

घट बसायच्या दिवशी पहाटे आबा राखणीवरून आले, तेव्हा वांग्याच्या पाट्या भरून गाडी दारात उभी होती. बारामतीच्या बाजाराला उशीर होत होता. त्यात चाकाची कुणी, म्हणजे चाक निसटू न देणारी आसाची खीळ, सैल झालेली, एक बैल पाय उचलून धरत होता. आबा बंदूक खुंटीला लावून तसेच निघाले. दिवेलागणीला परत आले, पाय धुतले आणि आत येऊन नेहमीप्रमाणे आधी खुंटीकडं बघितलं. खुंटी मोकळी.

“बंदूक कुठं हाय?”

“देवीपाशी बसली,” फुलाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलून आला होता.

भिंतीशी पत्रावळीवर काळी माती पसरलेली, तिच्यात धान्य पेरलेलं, मधे घट, घटावर झेंडूची पहिली माळ. बाजूला अखंड तेवणारी समई. आणि समईला लागून पाटावर बंदूक आडवी ठेवलेली, हळदकुंकवानं माखलेली, घोड्यापासून चापापर्यंत फुलांत बुडालेली. नळीचं तोंड समईच्या अंगाला. म्हणजे तेल घालणाऱ्याच्या छातीसमोर.

“कुणी ठेवली?”

“म्या,” भिमा म्हणाला.

“गज टाकलास?”

“म्या कशाला टाकू, आबा? खुंटीवर व्हती. तुमीच म्हणता, खुंटीवरची बंदूक रिकामीच असती.”

हे खरं होतं. आबाच तसं म्हणत. ते अंगणात जाऊन बसले आणि आठवू लागले. रात्री डुकरांची चाहूल लागली होती. बंदूक भरली होती. डुकरं आली नाहीत, बार उडाला नाही. पहाटे घराकडं आलो. मग बांधात बार काढला का? गज टाकला का?

टण्ण आठवत होतं. स्वच्छ आठवत होतं. पण त्या आठवणीत तोंडातून वाफ निघत होती, म्हणजे ती हिवाळ्यातली. दुसरी आठवली, तीत गाईचं वासरू त्यांचं धोतर चघळत होतं, आणि ते वासरू तर आता चांगलं खोंड झालं होतं. आजच्या पहाटेचं म्हणून काय आठवतंय ते बघावं, तर वांगी, चाकाची कुणी आणि बैलाचा पाय. रोज करायची गोष्ट रोज केली म्हणून तिची वेगळी अशी खूणच राहिली नव्हती.

“आज पहाटं बार वाजला का गं?” त्यांनी फुलाबाईंना विचारलं.

“मी आडावर व्हते. रहाट वाजत व्हता.”

भिमा झोपला होता. रतनला वाटत होतं वाजला, पण तो कालचा की आजचा, ते तिला सांगता येईना.

“उचलून बगतो,” आबा म्हणाले.

“हात लावायचा न्हाय.” फुलाबाईंचा आवाज चढला नाही, पण त्या घट आणि आबांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. “एवढ्या वर्सात एक मागितलंय. नऊ दिस दम धरा.”

आबांनी दम धरला, पण आपल्या परीनं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली माणसं उठून बघतात, तर समईच्या पलीकडं, बंदुकीच्या नळीसमोर, ज्वारीच्या पोत्यांची थप्पी. आबांनी धान्याच्या बळदाजवळची पोती एकेक करून ओढत आणली होती. चुलीकडं जायचं तर पोत्यांना वळसा, आडाकडं जायचं तर वळसा. भिमा दोनदा ठेचकाळला.

“देवी घरात आली का चोर आलं?” फुलाबाई म्हणाल्या. “ही तटबंदी कशाला?”

“ज्वारी गोळी आडवती. म्या बघितलंय.”

पण पोती रचून समईत तेल थोडंच पडणार होतं? त्यासाठी पोत्यांच्या आत, नळीच्या तोंडाशी वाकावंच लागे. नवस रतनसाठी, म्हणून तेल रतननंच घालायचं, असंही फुलाबाईंनी ठरवलं होतं. सकाळ-संध्याकाळ ती पोर पदर सावरत वाकायची, आणि आबा दाराच्या चौकटीला धरून उभे राहायचे. ते जेवायला बसत, दोन घास खात, आणि समईकडं बघत तसेच उठून जात. रानात राखणीला जाणंही त्यांनी सोडलं.

तेव्हा वरच्या मळ्यातला सिकंदर बघायला आला. त्याचा आणि आबांचा बांधाला बांध. डुकरं एकाकडून हुसकली की दुसऱ्याकडं जायची, म्हणून दोघं मिळून राखण करत.

“आबा, रात्री भिमा पत्र्याचा डबा वाजवीत व्हता. डुकरं हसली असतील त्याला,” सिकंदर म्हणाला. “बंदूक न्हाय तर न्हाय, तुमी तरी या की.”

आबांनी त्याला सगळं सांगितलं. सिकंदरनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्या इतकी वर्सं तुमच्यासंगं राखण करतोय. तुमी गज टाकला न्हाय असं कधी झालंय का? त्या दिशी बी टाकलाच असणार.”

“असणार,” आबा म्हणाले. “मामा बी तेच म्हणला व्हता. बंदूक ‘असणार’वर ठेवत न्हाईत, सिकंदर.”

सिकंदर उगाच वाद घालणारा माणूस नव्हता. जाताना तो फुलाबाईंना एवढंच म्हणाला, “वैनी, त्यांचं वजन बघा जरा. नऊ दिसात गाडीच्या आसाला लावायच्या वंगणाइतकंच उरतील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घडलं. समईची वात काजळली होती, ती नीट करायला रतन वाकली. वाकताना पोटामुळं तोल गेला आणि तिनं आधाराला पाटावर हात टेकला. पाट किंचित करकरला.

“मागं हो!” आबा ओरडले.

ते कधी ओरडत नसत. रतन दचकून मागं सरली, पोत्याला टेकली आणि रडू लागली. फुलाबाई चुलीपासून धावत आल्या.

“दोन जिवाच्या पोरीवर वरडता? लाज वाटत न्हाय?”

“फुला,” ते म्हणाले, “ती पोर दिसातनं दोनदा त्या नळीसमोर वाकती. देवीला चालत आसंल. मला न्हाय चालत. मी ती उचलतो. पाप लागंल ते मला लागू दे.”

“पाप तुमी घ्याल. पर घट माजा हाय, आन् पोरगी बी माजी हाय,” फुलाबाई म्हणाल्या. मग त्या रतनजवळ बसल्या, तिचे डोळे पदरानं पुसले. बंदुकीकडं बघत राहिल्या. आपण ज्या पोरीसाठी घट बसवला, तिलाच रोज त्या नळीसमोर बसवतोय, हे त्यांना आता पहिल्यांदा आबांच्या जागेवरून दिसत होतं.

“हलवल्याबिगर बघता येतं का?” त्यांनी विचारलं.

“गज बंदुकीतच हाय. नळीखालच्या कड्यांत. काढायचा म्हणजे हलवावी लागंल.”

“त्योच गज पायजे का? दुसरं कायबी लांब न्हाय चालत?”

तीन दिवस आबा त्या गजाचाच विचार करत होते, त्या खाचेचा, त्या टण्णचा. दुसऱ्या कशानं बघता येईल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

“ज्वारीचं वाळकं ताट आणू?” फुलाबाईंनी विचारलं.

“ते आत मोडंल.” पण आबा उठले होते. गोठ्याच्या छपरातून त्यांनी बांबूची एक सरळ कामटी उपसली. विळ्यानं तिची पेरं घासून गुळगुळीत केली. मग फुलाबाईंनी माळेचा दोरा आणला. नळीच्या तोंडापासून घोड्याच्या बुडापर्यंत, बंदुकीला न लावता अधांतरी धरून, दोघांनी मिळून माप घेतलं. नळीचा तळ घोड्याच्या किती अलीकडं येतो हे आबांना पाठ होतं. तेवढं वजा करून त्यांनी कामटीवर विळ्यानं खाच पाडली. मग तिच्या अलीकडं चार बोटं मोजून दुसरी खाच पाडली.

“आता सगळी भाईर व्हा. लांब, गोठ्याकडं.”

भिमा रतनला घेऊन गेला. फुलाबाई जागच्या हलल्या नाहीत.

“तू बी जा.”

“न्हाय जायची. तुमी एकटं ऐकणार, आन् उद्या पुन्यांदा म्हणणार आठवत न्हाय. ऐकायला माणूस पायजे.”

आबांनी त्यांच्याकडं बघितलं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांनी फुलाबाईंना बंदुकीच्या दस्त्याच्या मागं, भिंतीशी उभं केलं. “हितनं हलायचं न्हाय,” म्हणाले, आणि स्वतः नळीच्या तोंडासमोर न येता बाजूनं गुडघ्यावर बसले. कामटी शेवटच्या टोकाला दोन बोटांत धरली आणि हळूहळू नळीत सारू लागले. आवाज काहीच नव्हता. समईची वात तेवढी फुरफुरत होती. चार बोटांची खाच नळीच्या तोंडाशी आली. आबांचा हात थांबला. इथंच अडायची असेल तर आता अडेल. त्यांनी कामटी आणखी सारली.

ती पुढं गेली. सरळ, अलगद, शेवटच्या खाचेपर्यंत. आणि आत लोखंडावर बारीक ‘टक्’ वाजलं.

आबांनी कामटी थोडी मागं घेतली आणि पुन्हा आत सारली. टक्.

“ऐकलंस?”

“ऐकलं.”

“टक् वाजलं ना? थप् न्हाय?”

“टक्. खाच बी आली तोंडाला. मला हितनं दिसती.”

त्यांनी आणखी एकदा सारली.

“आता बास की,” फुलाबाई म्हणाल्या. “देवीला गुदगुल्या व्हतील.”

आबांनी कामटी बाहेर काढली आणि तिथंच जमिनीवर बसले. फुलाबाईही त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. घट जागेवर होता, बंदूक जागेवर होती, फुलाची एक पाकळीसुद्धा हलली नव्हती.

“रिकामीच व्हती,” त्या म्हणाल्या.

“व्हय.”

“म्हंजे तुमी गज टाकलावता त्या दिशी.”

“टाकला असणार,” आबा म्हणाले, आणि आपल्याच शब्दाचं त्यांना हसू फुटलं. ते हसत राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाहेरून भिमा धावत आला, त्याला वाटलं काहीतरी विपरीत झालं.

“आबा, काय झालं?”

“काय न्हाय. भाकरी वाढायला सांग. भूक लागलीय.”

त्या दुपारी आबांनी चार भाकरी खाल्ल्या आणि पोत्यांच्या थप्पीला टेकूनच झोपले, ते दिवेलागणीपर्यंत. रतननं संध्याकाळचं तेल घातलं, तेव्हा त्यांना जागसुद्धा आली नाही. हिंदुरावांना हे कळायचं ते कळलंच. “एवढं सगळं करून निघालं काय, तर काय न्हाय,” ते पारावर म्हणाले. आबा म्हणाले, “काय न्हाय निघावं म्हणूनच बघायचं असतंय, हिंदुराव.” यावर हिंदुराव नेहमीसारखे हसले, पण दसऱ्यानंतर त्यांच्याही घरातून एकदा पहाटे गज वाजल्याचं सिकंदरनं ऐकलं म्हणे.

पौषात रतन सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. फुलाबाईंनी त्याचं श्रेय देवीला दिलं. आबांनी त्यात काही भर घातली नाही.

त्यांनी एक गोष्ट मात्र दसऱ्यापासून बदलली. पहाटे बांधाकडं तोंड करून गज टाकण्याआधी ते घराकडं वळून हाक मारत, “फुला, ऐक गं.” फुलाबाई आडावर असल्या तर रहाट थांबवत, जात्यावर असल्या तर जातं थांबवत. टण्ण वाजे. आणि घरातून आवाज येई, “ऐकलं.” तो आवाज आल्याशिवाय आबा बंदूक खुंटीवर टांगत नसत. फुलाबाई शेळगावला माहेरी गेल्या की हे काम रतनकडं असे.

एका उन्हाळ्यात दोघांचं कशावरून तरी चांगलंच वाजलं. फुलाबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायच्या, पाणी ठेवायच्या, पण शब्द नाही. चार-पाच दिवस घरात हेच चाललं होतं. भिमा आईला समजावून थकला, रतन सासऱ्याला. पण त्या सगळ्या दिवसांत रोज पहाटे बांधाकडून हाक आली, गज वाजला, आणि अंधाऱ्या घरातून फुलाबाईंचा रागावलेला आवाज येत राहिला, “ऐकलं.”